मेंदूच्या आवरणांचा शोथ : प्रौढ रुग्णांतील कारणे व परिणाम

मनुष्याच्या शरीरात मेंदूइतके बंदोबस्तात ठेवलेले दुसरे इंद्रिय नाही. कवटीच्या बंद पेटीत तो असतो आणि त्या पेटीच्या आत त्याच्यावर तीन आवरणे असतात. बाहेरचे आवरण जाड आणि चिवट असते, मधले कोळ्याच्या जाळ्यासारखे विरविरीत असते आणि सर्वांत आतले इतके तलम असते, की ते मेंदूच्या प्रत्येक वळीला व खाचेला चिकटून बसते. मधल्या व आतल्या आवरणांच्या दरम्यान पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळत असतो. हीच आवरणे आणि हाच द्रव पाठीच्या कण्यातून खाली उतरून मज्जारज्जूलाही वेढतात. म्हणून ह्या द्रवास मस्तिष्क-मेरुद्रव असे नाव आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो. परंतु दिवसाकाठी सुमारे ५०० मिलिलिटर नवा द्रव तयार होतो आणि तेवढाच जुना रक्तात परत जातो. म्हणजे हे पाणी चोवीस तासांत तीन-चार वेळा बदलले जाते.

ह्या आवरणांना येणारी दाहयुक्त सूज म्हणजेच मस्तिष्कावरणशोथ. डॉक्टरांच्या तोंडी त्याचे नाव मेनिंजायटिस असे असते. जो बंदोबस्त एरवी मेंदूचे रक्षण करतो, तोच ह्या रोगात अडचणीचा ठरतो. रक्तातील संरक्षक पेशी व द्रव्ये निरोगी स्थितीत मस्तिष्क-मेरुद्रवात फारशी उतरत नाहीत. त्यामुळे एखादा जंतू तेथवर पोहोचलाच, तर आरंभी त्याला अडवणारे कोणी नसते. पुढे शरीर जागे होते आणि संरक्षक पेशींची झुंबड उडते. पण मग त्या झुंजीतून निर्माण होणारी सूज मावण्यास जागा नसते, कारण कवटी फुगत नाही. आतील दाब वाढतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडू लागतो. पुष्कळदा जंतूंपेक्षाही ह्या सुजेमुळे आणि दाबामुळे अधिक हानी होते.

एका नावाखाली अनेक रोग

आपल्याकडे बोलण्यात आणि वृत्तपत्रांत ‘मेंदूज्वर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. तो सोपा असला तरी फसवा आहे. मेंदूच्या आवरणांचा शोथ आणि खुद्द मेंदूचा शोथ ह्या दोन्ही गोष्टी त्याच एका शब्दात कोंबल्या जातात. शिवाय आवरणांचा शोथ हाही काही एकच रोग नव्हे. तो जीवाणूंमुळे होतो, विषाणूंमुळे होतो, क्षयजंतूंमुळे होतो, कवकांमुळे म्हणजे बुरशीच्या वर्गातील जीवांमुळे होतो. शरीरात अन्यत्र असलेला कर्करोग आवरणांवर पसरल्याने किंवा काही वेदनाशामक औषधांची प्रतिक्रिया म्हणूनही तो क्वचित होतो. ह्यांपैकी एक प्रकार विश्रांतीने आठवड्याभरात बरा होतो, तर दुसरा उपचारांवाचून एक-दोन दिवसांत प्राण घेतो. बाहेरून पाहता दोघांचीही सुरुवात ताप आणि डोकेदुखी अशीच असते. म्हणून प्रौढ रोगी रुग्णालयात आल्यावर ‘हा मस्तिष्कावरणशोथ आहे काय’ एवढे विचारून भागत नाही. ‘कोणाचा’ हा प्रश्न त्याच वेळी विचारावा लागतो. रोग्याचे पुढे काय होणार, हे बव्हंशी त्या उत्तरावर अवलंबून असते.

हे उत्तर मिळविणे किती अवघड असते, ह्याची कल्पना इंग्लंडमधील एका मोठ्या अभ्यासावरून येते. तेथील ४२ रुग्णालयांत १६ वर्षांवरील रोग्यांची पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. मस्तिष्कावरणशोथ निश्चित झालेले ६३८ रोगी त्यात होते. त्यांपैकी शेकडा ३६ जणांत विषाणू आढळले आणि शेकडा १६ जणांत जीवाणू. शेकडा ४२ रोग्यांत कारण कोणते हे शेवटपर्यंत समजले नाही. साधनसामग्रीने संपन्न अशा देशातील ही स्थिती आहे. अमेरिकेत २०११ ते २०१४ ह्या काळात आवरणांचा किंवा मेंदूचा शोथ झालेल्या २६,००० हून अधिक प्रौढांच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यांतही निम्म्याहून अधिक रोग्यांत आतड्यात वाढणाऱ्या एंटरोव्हायरस गटाचे विषाणू हेच कारण होते, आणि जीवाणूंचा वाटा सुमारे शेकडा १४ होता.

संख्येने विषाणू पुढे असले, तरी भय जीवाणूंचे. प्रौढांमध्ये न्यूमोकॉकस हा जंतू सर्वांत महत्त्वाचा. तोच फुफ्फुसदाहही घडवून आणतो. निरोगी माणसांच्या नाका-घशातही तो राहत असतो. कान फुटून वाहणे, नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांत पू होणे, फुफ्फुसदाह, मधुमेह, अतिरिक्त मद्यपान, प्लीहा काढून टाकलेली असणे अशा परिस्थितीत त्याला आवरणांपर्यंत वाट मिळते. डोक्याला मार लागून कवटीच्या तळाचे हाड चिरले असेल आणि नाकातून पाण्यासारखा द्रव ठिबकत असेल, तर ती वाट उघडीच असते. दुसरा जंतू मेनिंगोकॉकस. तो तरुणांमध्ये, आणि जेथे माणसे दाटीने राहतात तेथे, अधिक आढळतो व साथीच्या रूपाने पसरू शकतो. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली त्याच्या साथी आल्या होत्या. तिसरा लिस्टेरिया. दूषित अन्नातून येणारा हा जंतू वृद्ध, गर्भवती स्त्रिया आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे अशांना गाठतो. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या शोथात मात्र रुग्णालयातच वावरणारे, पुष्कळ औषधांना दाद न देणारे जंतू आढळतात. त्यांची चिकित्सा निराळी असते.

भारतात ह्या यादीत क्षयजंतूचे नाव फार वर घ्यावे लागते. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चतुर्थांश आपल्या देशात आहेत. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ एका दिवसात उद्भवत नाही. बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड, रेंगाळणारी डोकेदुखी, अधूनमधून उलटी असा त्याचा दोन-तीन आठवड्यांचा संथ प्रवास असतो. ह्या संथपणामुळेच तो घातक होतो, कारण त्या आठवड्यांत कोणी रुग्णालयाची वाट धरीत नाही. एच. आय. व्ही.ची बाधा असलेल्यांमध्ये क्रिप्टोकॉकस नावाचे कवकही अशाच संथ पावलांनी येते.

लक्षणे फसवतात तेव्हा

ताप, ताठ झालेली मान आणि शुद्धीवर झालेला परिणाम हे ह्या रोगाचे त्रिकूट म्हणून पाठ्यपुस्तकांत सांगितलेले असते. हे त्रिकूट दिसले तर संशय घ्यावाच. परंतु ते दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये. नेदरलँड्समध्ये १९९८ ते २००२ ह्या काळात जीवाणुजन्य मस्तिष्कावरणशोथाच्या प्रौढांतील ६९६ घटनांचा अभ्यास झाला. त्यांत तिन्ही लक्षणे एकत्र असलेले रोगी केवळ शेकडा ४४ होते. मात्र डोकेदुखी, ताप, ताठ मान आणि शुद्धीतील फरक ह्या चारांपैकी निदान दोन लक्षणे शेकडा ९५ रोग्यांत होती. सामान्य माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे ती हीच. तापाबरोबर असह्य डोकेदुखी असेल आणि रोगी असंबद्ध बोलू लागला, त्याला अवेळी गुंगी आली, किंवा त्याची हनुवटी छातीला लागेनाशी झाली, तर उद्याची वाट पाहू नये. अशा तापात अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठले आणि दाबूनही ते मावळले नाहीत, तर तो मेनिंगोकॉकस रक्तात पसरल्याचा इशारा असू शकतो. तेथे तासही मोलाचा असतो. वृद्धांमध्ये तर ताप आणि मानेचा ताठरपणा दोन्ही अस्पष्ट असू शकतात. केवळ ‘आजोबा आज ओळख देत नाहीत’ एवढेच घरच्यांच्या लक्षात येते.

पाठीतील पाणी आणि लोकांची भीती

लक्षणांवरून संशय घेता येतो, पण कारणाचा निर्णय मस्तिष्क-मेरुद्रव तपासल्यावाचून होत नाही. हा द्रव कमरेच्या भागातून सुईने काढण्याची पद्धत जर्मनीतील कील येथील वैद्य हाइनरिख क्विंके ह्यांनी १८९१ साली मांडली. तिला कटिवेध म्हणता येईल. लोक तिला ‘पाठीतील पाणी काढणे’ म्हणतात. आपल्या देशात नातेवाईक ह्या क्रियेला जितकी हरकत घेतात तितकी क्वचितच दुसऱ्या कोणत्या तपासणीला घेत असतील. ‘पाण्याची सुई लावली की पाय लुळे पडतात’, ‘पाणी काढले की माणूस वाचत नाही’ अशा समजुती गावोगाव ऐकू येतात. त्यांच्यापायी संमतीला उशीर होतो, आणि त्या उशिराची किंमत रोग्याला द्यावी लागते. म्हणून ह्या क्रियेचे स्वरूप नीट समजावून घेणे अगत्याचे आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कण्याच्या तळापर्यंत पोहोचत नाही. कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशी तो संपतो. त्याखाली द्रवाने भरलेल्या पोकळीत केवळ सुट्या मज्जातंतूंचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबकळत असतो. सुई घातली जाते ती कमरेच्या तिसऱ्या व चौथ्या अथवा चौथ्या व पाचव्या मणक्यांच्या मधून, म्हणजे मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खाली. तेथील तंतू पाण्यात तरंगत असल्यामुळे सुईच्या टोकापासून बाजूला सरतात. रोग्याला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी घेऊन निजवतात, कातडी बधिर करतात आणि थेंबाथेंबाने सुमारे १० मिलिलिटर द्रव नळ्यांत धरतात. मघाच्या हिशेबाने पाहता शरीर एवढा द्रव अर्ध्या तासात भरून काढते. नंतर काही जणांचे डोके एक-दोन दिवस दुखते. पाय लुळे पडतात ही समजूत कशी रूढ झाली असावी, हे तर्काने सांगता येते. रोगी मुळातच उशिरा येतो, रोग पुढे गेलेला असतो, सुई लावल्यानंतर तो आणखी खालावतो, आणि दोष सुईच्या माथी मारला जातो.

ह्याचा अर्थ कटिवेधाला मर्यादाच नाहीत असा नव्हे. मेंदूत गाठ अथवा गळू असून एका बाजूचा दाब फार वाढलेला असल्यास, रक्त गोठण्याच्या क्रियेत दोष असल्यास, किंवा सुई टोचण्याच्या जागी पू झालेला असल्यास तो लगेच करीत नाहीत. म्हणून ज्या रोग्याला नुकतेच झटके आले आहेत, ज्याची शुद्ध फार हरपली आहे किंवा ज्याचा एखादा अवयव दुर्बळ झाला आहे, त्याच्या मेंदूचे क्ष-किरणांनी छेदचित्र, म्हणजे सी. टी. स्कॅन, आधी घेतात. ही सावधगिरी आवश्यक आहे. परंतु तिच्या निमित्ताने औषध मात्र खोळंबता कामा नये. इंग्लंडच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात रुग्णालयात आल्यापासून द्रव काढेपर्यंत गेलेल्या वेळाचे मध्यमान सुमारे १७ तास होते. उशिराचे दुखणे केवळ आपल्याच देशाचे नाही, एवढे त्यावरून दिसते.

द्रव काय सांगतो

निरोगी माणसाचा मस्तिष्क-मेरुद्रव पाण्याइतका निर्मळ असतो. त्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशी पाचांहून अधिक नसतात. त्यातील साखर रक्तातील साखरेच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. नेहमीच्या जीवाणूंमुळे शोथ झाला असेल, तर द्रव गढूळ होतो, पेशींची संख्या हजारावर जाऊ शकते, प्रथिने वाढतात आणि साखर एकदम खाली येते. विषाणुजन्य शोथात द्रव बहुधा स्वच्छच राहतो. पेशी वाढतात, पण त्या निराळ्या जातीच्या, लसीका-पेशी असतात आणि साखर बहुधा कायम असते. क्षयजन्य शोथात पेशी शेकड्यांनी व मुख्यतः लसीका-पेशीच असतात, परंतु साखर कमी आणि प्रथिने खूप अधिक असतात. असा द्रव नळीत काही वेळ तसाच ठेवला, तर त्यात कोळिष्टकासारखी नाजूक साय धरते. क्रिप्टोकॉकस ओळखण्याची रीत तर फारच साधी आहे. द्रवाच्या थेंबात काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर त्या कवकाभोवतीचे जाड वेष्टन पांढऱ्या वलयासारखे उठून दिसते. ह्यांखेरीज द्रवातील जंतू रंगवून पाहणे, ते वाढवून कोणते औषध त्यांना लागू पडते हे ठरविणे, आणि त्यांच्या जनुकद्रव्याचा शोध घेणे ह्या परीक्षा आहेत. जनुकद्रव्याच्या परीक्षेमुळे क्षयाचे निदान काही तासांत होऊ शकते. मात्र परीक्षेत क्षयजंतू सापडला नाही, म्हणजे क्षय नाही असे ठरत नाही. म्हणून इतर पुरावा बळकट असल्यास डॉक्टर औषध सुरू करतात.

येथे एक पेच उभा राहतो. प्रतिजैविक औषध आधी दिले, तर काही तासांतच द्रवातील जंतू मरतात आणि ते वाढवून ओळखता येत नाहीत. ते नंतर द्यावे म्हटले, तर रोगी हातचा जातो. ह्यावर वैद्यकशास्त्राने काढलेला मार्ग असा : शक्य असल्यास लगेच कटिवेध करावा, तो लांबणार असेल तर रक्ताचा नमुना घेऊन ताबडतोब औषध सुरू करावे, आणि कटिवेध त्यानंतर शक्य तितक्या लवकर करावा. रोगी आल्यापासून एका तासात पहिली मात्रा पोटात नव्हे, शिरेत गेली पाहिजे, असा आजचा दंडक आहे. पेशी आणि साखर ह्यांची साक्ष औषधानंतरही काही काळ टिकते.

परिणाम कशावर अवलंबून असतो

विसाव्या शतकाच्या आरंभी मेनिंगोकॉकसची बाधा झालेले बहुतेक रोगी दगावत. अमेरिकेतील सायमन फ्लेक्सनर ह्यांनी घोड्याच्या रक्तापासून तयार केलेली लस-रसायने द्रवाच्या पोकळीत टोचण्यास सुरुवात केली आणि १९१३ साली सुमारे १,३०० रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यांत मृत्यूचे प्रमाण शेकडा ३१ वर आले होते. न्यूमोकॉकसचा आणि क्षयाचा शोथ मात्र जवळजवळ अटळ मृत्यूच समजला जाई. पहिल्याचे पारडे १९३० नंतर सल्फा औषधांनी व पुढे पेनिसिलिनने फिरवले. दुसऱ्याचे १९४३ साली शोधलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने व १९५२ पासून उपलब्ध झालेल्या आयसोनियाझिडने.

असे असूनही आज हा रोग निरुपद्रवी झालेला नाही. नेदरलँड्सच्या अभ्यासात एकंदर शेकडा २१ रोगी मरण पावले. कारणानुसार पाहिले तर न्यूमोकॉकसमध्ये हे प्रमाण शेकडा ३० आणि मेनिंगोकॉकसमध्ये शेकडा ७ होते. देश एक, रुग्णालये तीच, औषधेही जवळपास तीच. जंतू बदलला की निकाल बदलला. विषाणुजन्य शोथात तर मृत्यू विरळाच असतो. व्हिएतनाममध्ये डुकरांपासून येणारा स्ट्रेप्टोकॉकस सुइस हा जंतू प्रौढांमध्ये पुष्कळ आढळतो; त्याचे बहुतेक रोगी वाचतात, परंतु अनेकांची श्रवणशक्ती जाते. म्हणजे ‘परिणाम’ ह्या शब्दात जगणे-मरणे एवढेच येत नाही.

शोथामुळेच अधिक हानी होते हे ध्यानात आल्यावर, जंतुनाशक औषधाच्या जोडीला शोथ शमविणारे डेक्सामेथासोन द्यावे असा विचार पुढे आला. युरोपात ३०१ प्रौढ रोग्यांवर त्याची कसोटी घेऊन तिचा निकाल २००२ साली प्रसिद्ध झाला. हे औषध प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेच्या आधी किंवा सोबत दिलेल्यांत शेकडा ७ मृत्यू झाले. न दिलेल्यांत शेकडा १५. लाभ निःसंशय होता. पुढे आफ्रिकेतील मलावी देशात ४६५ प्रौढांवर हीच कसोटी झाली आणि २००७ साली तिचा निकाल लागला. तेथे औषध घेणाऱ्यांत शेकडा ५६ आणि न घेणाऱ्यांत शेकडा ५३ रोगी दगावले; म्हणजे लाभ काहीच नाही. तेथील बहुतेक रोग्यांना एच. आय. व्ही.ची बाधा होती आणि पुष्कळजण फार उशिरा आलेले होते. एका खंडात जीव वाचविणारे औषध दुसऱ्या खंडात निष्प्रभ ठरावे, ह्यावरून रोग्याची पूर्वस्थिती आणि रुग्णालयात पोहोचण्याची वेळ ह्यांचे महत्त्व कळून येते.

क्षयजन्य शोथाबाबत व्हिएतनाममधील ५४५ रोग्यांवरील कसोटीचा निकाल २००४ साली आला. डेक्सामेथासोनमुळे मृत्यूचे प्रमाण शेकडा ४१ वरून शेकडा ३२ वर आले. मात्र वाचलेल्यांमधील पंगुत्व कमी झाले नाही. ह्या रोगाचे तीन टप्पे मानतात. रोगी पूर्ण शुद्धीवर असताना उपचार सुरू झाले तर बहुतेक बरे होतात. बेशुद्धीत सुरू झाले तर निम्मेही वाचतील असा भरवसा देता येत नाही. उपचार नऊ ते बारा महिने चालतात आणि बरे वाटू लागताच औषध सोडणे म्हणजे रोगाला पुन्हा आमंत्रण देणे होय. क्रिप्टोकॉकसच्या बाबतीत एक विशेष असा, की त्यात कटिवेध हा निदानाप्रमाणे उपचारही ठरतो. वाढलेला दाब उतरविण्यासाठी तो पुनःपुन्हा करावा लागतो, आणि त्यामुळे दृष्टी व प्राण दोन्ही वाचू शकतात.

घरी परतल्यानंतर

रुग्णालयातून सुटका झाली की रोग संपला, असे नातेवाइकांना वाटते. पुष्कळदा तसे नसते. कानाच्या आतील शंखाकृती भागातील द्रवाचा मस्तिष्क-मेरुद्रवाशी सूक्ष्म मार्गाने संबंध असतो. त्या वाटेने शोथ तेथे शिरला, तर बहिरेपणा येतो. आणि काही काळाने त्या पोकळीत हाड धरू लागते. असे झाल्यास कानात बसवायचे श्रवणयंत्रही नीट बसविता येत नाही. म्हणून घरी जाण्यापूर्वी, निदान चार आठवड्यांच्या आत, रोग्याची श्रवणपरीक्षा झालीच पाहिजे. ती कोणी सुचविली नाही, तर नातेवाइकांनी मागून घ्यावी.

दुसरी हानी डोळ्यांना दिसत नाही. ‘उत्तम बरे झाले’ म्हणून नोंदलेल्या प्रौढांचीही बारकाईने परीक्षा केली असता, सुमारे एक-तृतीयांश जणांत विचारांची गती मंदावलेली आढळते. माणूस चालतो-बोलतो, पण हिशेब जुळविताना थबकतो, दोन कामे एकदम करू शकत नाही, लवकर थकतो आणि चिडतो. कचेरीत त्याला आळशी म्हणतात, घरी ‘स्वभाव बदलला’ म्हणतात. विषाणुजन्य शोथ सौम्य समजला जातो. पण त्यातून उठलेल्यांनाही डोकेदुखी, थकवा आणि विस्मरण महिनोन्‌महिने छळू शकते, असे इंग्लंडच्या अभ्यासात दिसून आले. ही रोगाची शेष खूण आहे, माणसाचा दोष नव्हे, एवढे आप्तांना आणि कामावरच्या वरिष्ठांना उमगले, तरी रोग्याचा अर्धा भार हलका होईल.

प्रतिबंधाचा मार्ग

ह्या रोगाविरुद्ध मनुष्याने मिळविलेला सर्वांत मोठा विजय लसीकरणाचा आहे, आणि त्यात पुण्याचा वाटा आहे. आफ्रिकेत सेनेगालपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या रुक्ष पट्ट्यात मेनिंगोकॉकसच्या ‘ए’ गटाच्या साथी पिढ्यान्‌पिढ्या येत असत. त्या गटाविरुद्ध अल्प मोलाची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया ह्या संस्थेने तयार केली. २०१० साली बुर्किना फासो देशापासून तिचा वापर सुरू झाला आणि पुढे ३५ कोटींहून अधिक लोकांना ती टोचण्यात आली. २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा रोगी नोंदला गेलेला नाही. त्याच संस्थेच्या पाच गटांविरुद्धच्या लसीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मान्यता दिली, आणि २०२४ साली नायजेरियात तिचा वापर सुरू झाला. आपल्या देशात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने व २०२१ पासून सर्वत्र बालकांच्या लसीकरणात आली आहे. अशी लस घेतलेल्या बालकांच्या घशात तो जंतू कमी टिकतो, म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनाही अप्रत्यक्ष संरक्षण मिळते. प्लीहा काढलेल्या, कवटीतून द्रव झिरपणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या प्रौढांनी स्वतःसाठी लसीचा सल्ला घ्यावा. मेनिंगोकॉकसच्या रोग्याच्या निकट सहवासात असलेल्यांना प्रतिबंधक औषध देतात; तेही वेळेवर घ्यावे. वाहणारा कान ‘नेहमीचाच’ म्हणून तसाच ठेवू नये.

मस्तिष्कावरणशोथ हे एक भयानक नाव आहे खरे. परंतु त्या नावाने हातपाय गाळण्याचे कारण नाही. कोणता जंतू आहे हे लवकर कळले आणि त्यावरील औषध वेळेवर सुरू झाले, तर ह्या रोगातून माणसे उठतात. ते कळण्याचे साधन रोग्याच्याच कण्यात आहे आणि ते हाती घेण्याची रीत सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. डॉक्टर कागद पुढे करून पाठीतील पाणी काढण्यास संमती मागतात, तेव्हा शंका असतील तर त्या अवश्य विचाराव्यात. समाधान झाल्यावर मात्र सही करण्यास आणखी एका नातेवाइकाची वाट पाहत बसू नये.